एलरॉय ते स्पार्टा: जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलने ३२ मैल

१३ सप्टेंबर, शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एलरॉय–स्पार्टा ट्रेल एका दिवसात, एकाच दिशेने पूर्ण केला. चार सायकली, दोन गाड्या, ३२ मैल (सुमारे ५१ किलोमीटर) आणि तीन बोगदे. तयारी करताना चार प्रश्नांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला: गाड्या कुठे लावायच्या, पास कसा काढायचा, बोगद्यात नेमके काय होते, आणि सपाट दिसणाऱ्या या वाटेला एवढा वेळ का लागतो. जे कळले ते त्या दिवसाच्या क्रमानेच लिहितो.

हा मार्ग मुळात शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा. बोगदे खणून तो १८७३ मध्ये पूर्ण झाला, १९६४ मध्ये बंद पडला, राज्य सरकारने जमीन विकत घेतली आणि १९६७ मध्ये रूळ-स्लीपर काढलेल्या भरावावर सायकलमार्ग सुरू झाला. बंद पडलेल्या रेल्वेचा सायकलमार्ग करण्याच्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. हिमयुगातल्या हिमनद्या या टापूवरून फिरल्या नाहीत, म्हणून भोवतालचे विस्कॉन्सिन बऱ्यापैकी सपाट असताना इथे मात्र डोंगरसोंडा आणि अरुंद दऱ्या आहेत. तीन बोगद्यांचे कारण तेच. प्रत्येक बोगदा एका सोंडेच्या पोटात आहे. साहजिकच त्याच्याकडे जाताना चढ आणि बाहेर पडल्यावर उतार.

तयारीत पहिला निर्णय गाड्यांचा. जाऊन-येऊन ६४ मैल होतात. रोजचा सराव नसेल तर ते एका दिवसात करू नयेत, आणि बोगदे दोनदा पायी ओलांडावे लागतात हेही धरावे. एका दिशेने जायचे तर दुसऱ्या टोकाला गाडी हवी. आम्ही सकाळी साडेसातला दोन्ही गाड्या घेऊन एलरॉयला पोहोचलो, सायकली उतरवल्या, दोघे जण सामानापाशी थांबले आणि दोघे दोन गाड्या घेऊन स्पार्टाला गेले. सायकल-रॅक असलेली गाडी तिथे ठेवून दुसरीतून परत आले. हायवे ७१ ट्रेलच्या साधारण बरोबरीने जातो, एका बाजूला पाऊण तास लागतो. सकाळचा दीड तास यात जातो खरा, पण हा दीड तास संध्याकाळवर टाकू नये. थकलेल्या अवस्थेत, चिखलाने भरलेल्या सायकली रस्त्याकडेला सोडून कुणी गाडी आणायला जाणे फार जिवावर येते. रॅक कोणत्या गाडीवर आहे आणि ती कुठल्या टोकाला उभी राहणार, हे आदल्या रात्रीच ठरवा. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या सायकलवरच्या माणसांच्या खिशात आहेत ना, हे निघताना बोलून खात्री करून घ्या. स्पार्टाच्या गाडीची किल्ली एलरॉयच्या गाडीत राहिली तर अख्खी योजना कोसळते.

थांबलेल्या दोघांनी तोवर पासचे काम केले. सोळा वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक सायकलस्वाराला राज्याचा ट्रेल पास लागतो: एका दिवसाचे ५ डॉलर, वर्षाचे २५. चौघांचे २० डॉलर झाले. ट्रेलच्या सुरुवातीला फलकाशेजारी पाकिटे ठेवलेली असतात. पाकिटावर नाव, तारीख आणि रक्कम लिहायची, पैसे आत घालायचे, तळाची चिठ्ठी फाडून आपल्याजवळ ठेवायची आणि पाकीट लोखंडी पेटीच्या फटीतून टाकायचे. सुटे द्यायला तिथे कुणी नसते, म्हणून एक आणि पाच डॉलरच्या नोटा घरूनच आणाव्यात. पेनही आणावे. चिठ्ठी खिशात नुसती ठेवली तर घामाने आणि बोगद्यातल्या पाण्याने तिचा लगदा होतो, म्हणून छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. त्या दिवसाचा पास राज्याच्या इतर ट्रेलवरही चालतो. एलरॉयलाच रीड्सबर्गकडे जाणारा २२ मैलांचा ‘४००’ ट्रेल येऊन मिळतो, तिकडे थोडे फिरायचे असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत. वर्षातून तीनचार वेळा येणार असाल तरी वार्षिक पास परवडत नाही. सहाव्या दिवसापासून तो फायद्याचा ठरतो. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी राज्याकडून मोफत प्रवेश असतो, पण मग गर्दीही तशीच.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर ट्रेलची स्थिती बघावी. इथल्या दऱ्यांत जोराचा पाऊस झाला की ओढे भरावाला खेटून वाहतात आणि वाट खचते. मग एखादा टप्पा आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतो. हिवाळ्यात तर बोगद्यांची दारेच बंद करतात. सप्टेंबर आम्हाला सोयीचा वाटला, कारण डास कमी, ऊन सौम्य आणि सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, म्हणजे काही बिघडले तरी हाताशी उजेड.

आता सायकलविषयी. पृष्ठभाग आहे चुनखडीची बारीक कच, दाबून घट्ट केलेली. कोरडी असते तेव्हा ती जवळपास डांबरासारखी लागते. ओली झाली की टायर अर्धा सेंटिमीटर रुततो आणि प्रत्येक पॅडल जड जाते. ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर इथे उत्तम. २८ मिलिमीटरवरही जाता येते, पण पावसानंतरच्या दिवशी नको. हवा रस्त्यावरच्यापेक्षा कमी ठेवावी: ३८ मिलिमीटरच्या टायरला मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते. फार कठीण भरली तर बारीक कचेवर चाक नाचते आणि मनगटे दुखतात. फार मऊ ठेवली तर पुलांच्या कडांवर ट्यूब चिमटते. ते आमच्याबाबतीत झालेच, पुढे येईल.

बरोबर प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, एक अंगभर जॅकेट आणि हातात धरायची विजेरी. चौघांत मिळून चार ट्यूब, दोन पंप, टायर काढायच्या पट्ट्यांचा एक संच, चेनची जोडकडी, अ‍ॅलन किल्ल्या, एक जुने फडके. हँडलवरचा दिवा असला तरी हातातली विजेरी हवीच, कारण बोगद्यात सायकल ढकलायची असते. दिवा मग हँडल वळेल तिकडे बघतो, तुमचे पाऊल पडते तिकडे नाही.

९ वाजून २० मिनिटांनी एलरॉय सोडले. थंडी १० अंश सेल्सिअसच्या आसपास, दरीत धुके. केंडालपर्यंतचे पहिले सहा मैल शेतांतून, ओढ्यावरच्या छोट्या छोट्या पुलांवरून जातात. इथेच पहिला धडा मिळतो: वाट सपाट दिसते आणि तरी वेग येत नाही. दोन कारणे. एक, एक-दीड टक्क्याचा चढ डोळ्याला कळत नाही. दोन्ही बाजूंना झाडी आणि समोर सरळ रेषा, तुलनेला काही नाही. सायकल बिघडली की काय, ब्रेक घासतोय की काय, असे वाटते. चाक उचलून फिरवून पाहा. मोकळे फिरत असेल तर तो चढच आहे, एक गिअर खाली घ्या आणि पुढे चला. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. डांबरी रस्त्यावर चढ संपला की उतार येतो, पाय थांबतात, बसण्याची पद्धत बदलते. रेल्वेच्या भरावावर हे क्वचितच होते. पॅडल जवळजवळ अखंड मारावे लागते, तेही एकाच आसनात. त्यामुळे ३२ मैलांत पायांच्या आधी बैठक आणि तळहात बोलायला लागतात. दर दहा मिनिटांनी वीसेक सेकंद पॅडलवर उभे राहावे आणि हँडलवरची पकड बदलावी. दुखायला लागण्याआधी हे सुरू करावे, नंतर उपयोग होत नाही.

वेळेचा हिशेब रस्त्यावरच्या वेगाने करू नका. जो माणूस डांबरावर ताशी २० किलोमीटर आरामात जातो तो इथे १५ ते १६ ने जातो.

दहाला केंडाल. इथले जुने स्टेशन आता ट्रेलचे मुख्य ठिकाण आहे. पाणी भरून सव्वादहाला पुढे निघालो. केंडालनंतर चढ जाणवण्याइतका होतो. पूर्ण मार्गावर चढ कुठेही तीन टक्क्यांच्या वर जात नाही. मुंबई-पुणे रेल्वेने जाणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो, बोरघाटातला रेल्वेचा चढ ३७ला १, म्हणजे पावणेतीन टक्के आहे. गाडीला मागून इंजिन लावावे लागते असा तो चढ सायकलला मात्र झेपतो, एवढेच की तो मैलभर सुटत नाही. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, म्हणून रेल्वेवाल्यांनी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि उरलेल्याला बोगदा केला. त्यांनी केलेल्या त्या कष्टांवर आज आपण सायकल चालवतो. कटिंगमधून जाताना दोन्ही बाजूंचे ओले, शेवाळलेले खडक बघितले की ते फार जाणवते.

पहिला बोगदा सुमारे पाव मैलाचा. तोंडाशीच फलक आहे: उतरून चाला. हा नियम पाळण्याचे कारण आत गेल्यावर लगेच कळते. आत एकही दिवा नाही. छतातून पाणी ठिबकते, दोन्ही कडांना पाण्याचे चर आहेत, आणि जमीन मधे फुगीर, कडेला खचलेली. सायकलवर तोल सांभाळताना आपण नकळत दूरच्या एखाद्या रेषेचा आधार घेतो. अंधारात ती रेषा नसते, आणि समोर दिसणारे प्रकाशाचे टोक इतके झगझगीत असते की पायाखालचे आणखीच काळे होते. त्यात समोरून येणारी माणसे. विजेरी खाली, पायापासून दोन-तीन मीटर पुढे धरावी, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. सायकल उजव्या बाजूला ठेवून आपण मधल्या बाजूने चालावे, म्हणजे पाय चरात जात नाही. गॉगल आत जाण्याआधीच काढा. जॅकेटही बाहेरच घाला, आत थांबून बॅग उघडणे अवघड जाते. बाहेर ऊन असताना आतली हवा एखाद्या थंड तळघरासारखी असते, आणि चढावर घाम आलेला असतो.

एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे बोगद्यांना दारे आहेत, लाकडाची, दुहेरी, दुमजली घराएवढी उंच. आत झिरपणारे पाणी गोठले की फुगते आणि दगड फोडते, पुन्हा वितळते, पुन्हा गोठते. ते टाळण्यासाठी रेल्वेच्या काळात हिवाळ्यात पहारेकरी गाडी यायच्या वेळी दार उघडत आणि गेली की बंद करत. आजही हिवाळ्यात दारे लावतात ती त्याच कारणाने.

बाहेर आल्यावर विल्टनपर्यंत उतार. उतारावर मोह होतो, पण सैल कचेवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. वळण नसले तरी रस्त्यांची क्रॉसिंग आहेत. तिथे थांबायचे सायकलवाल्याने, आणि नेमकी क्रॉसिंगच्या आधीच कच सैल झालेली असते. काही ठिकाणी वाटेच्या मधोमध खांब असतो. पुढच्या सायकलने तो झाकला तर मागच्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून पुढच्याने ‘खांब!’ असे ओरडून सांगायची पद्धत ठेवा. या भागात आमिश लोकांची (मोटारीऐवजी घोडागाडी वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) वस्ती आहे. क्रॉसिंगवर घोडागाडी येत असेल तर पूर्ण थांबावे आणि घंटी वाजवू नये, घोडा बुजतो.

११ वाजून ३५ मिनिटांनी विल्टन. जेवण, पाणी, चाळीस मिनिटे. साधारण निम्मे अंतर इथे होते. कुणाला पुढे जमेल असे वाटत नसेल तर थांबण्याचा निर्णय इथेच घ्यावा, कारण हायवे ७१ गावातूनच जातो आणि गाडी आणणे सोपे पडते. दऱ्यांत फोनची रेंज येते-जाते, गावात मिळते. पुढे कुठे मदत मागावी लागली तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर ट्रेलचे नाव, मागे टाकलेले गाव आणि शेवटच्या क्रॉसिंगच्या रस्त्याचे नाव सांगता आले पाहिजे. म्हणून क्रॉसिंगवरच्या पाट्या जाता जाता वाचत जा.

दुसरा बोगदाही पाव मैलाचा, पहिल्यासारखाच. तो ओलांडून नॉरवॉककडे उतरताना पंक्चर झाले. पूल लाकडी फळ्यांचे आहेत. पुलाच्या तोंडाशी कच हळूहळू वाहून जाते आणि फळीची कड दोन-तीन सेंटिमीटर वर राहते. उतारावर वेगात, सीटवर पूर्ण भार टाकून त्या कडेवर मागचे चाक आदळले की टायर रिमपर्यंत दबतो आणि मधली ट्यूब चिमटून तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. आमच्या त्या चाकात हवा ४० च्या खाली होती, सकाळी मोजायची राहिली होती. उपाय सोपा: पूल दिसला की वेग कमी, पॅडल आडवी, सीटवरून थोडे उठून कोपर-गुडघे सैल. पुलावर असताना ब्रेक आणि वळण दोन्ही टाळावे, ओल्या फळ्या तेलासारख्या निसरड्या होतात.

ट्यूब बदलायला पंचवीस मिनिटे लागली, त्यातली बरीचशी हवा भरण्यात. छोट्या हातपंपाने ३८ मिलिमीटरच्या टायरला ५० पीएसआय गाठायचे तर दोनशेच्या वर झटके लागतात. दोन गोष्टी घाईत राहतात. टायरच्या आतून बोट फिरवून काही टोचणारे उरले नाही ना हे बघणे, आणि हवा भरण्याआधी टायरच्या दोन्ही कडा दाबून ट्यूब कुठे अडकलेली नाही ना हे बघणे. नवी ट्यूब आत घालताना तिच्यात आकार येईल इतपत हवा असावी, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची शेवटची वीतभर कड हातानेच चढवावी. तिथे पट्टी वापरली की नव्या ट्यूबलाच भोक पडण्याची भीती. दोन चिरांची जुनी ट्यूब रस्त्यावर ठिगळत बसू नये, घरी न्यावी.

नॉरवॉकला एक पस्तीस. दोन्ही बाटल्या गच्च भरा. पुढचे गाव स्पार्टाच, सुमारे ११ मैलांवर, आणि मधे मोठा बोगदा. बोगद्यातले झऱ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. वर सगळी शेती आणि गुरे आहेत.

तिसऱ्या बोगद्याची लांबी ३,८१० फूट, म्हणजे जवळजवळ ११६० मीटर. खणायला तीन वर्षे लागली. आम्ही सव्वादोनला आत शिरलो. पाव मैलाच्या बोगद्यात दुसरे टोक सतत दिसत असते, इथे ते सुईच्या नेढ्याएवढे असते, आणि बाहेरची उबदार हवा आतल्या गारव्याला भेटून धुके झाले तर तेही नाहीसे होते. मग पुढे-मागे दोन्हीकडे काळोख आणि फक्त पाण्याचा आवाज. ठिबक सगळीकडे सारखी नाही, काही ठिकाणी तर पाऊस लागल्यासारखे पाणी येते. हेल्मेट डोक्यावर राहू द्यावे, फोन बंद पिशवीत. धुक्यात विजेरीचा झोत डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरतो, म्हणून तिला कमरेच्या उंचीवर आणावे. मनात धास्ती वाटतेच, आणि ती बोलून दाखवलेली बरी. एकमेकांशी बोलत, दोन सायकलींएवढे अंतर ठेवून चालले की पावले आपोआप सरळ पडतात. लहान मुले बरोबर असतील तर आधी पहिल्या बोगद्यात त्यांची सवय बघावी. तिथे रडू आले तर इथे आणू नये. बाहेर पडायला बावीस मिनिटे लागली. चौघांच्या चार विजेऱ्यांपैकी एक मधेच मंदावली. सुटी बॅटरी बॅगेत तळाला होती, ती खिशात हवी.

तिथून स्पार्टापर्यंत वाट बहुतेक उताराची. पाय गार पडलेले असतात, म्हणून पहिला मैल हलक्या गिअरमध्ये पॅडल मारत राहावे, नुसते घरंगळू नये. जॅकेट दहा मिनिटांनंतर काढावे.

३ वाजून २५ मिनिटांनी स्पार्टा. एकूण सहा तास पाच मिनिटे, त्यातले सायकल प्रत्यक्ष चालवण्याचे साडेतीन तासांच्या आसपास. हे गाव स्वतःला अमेरिकेची सायकल राजधानी म्हणवते. मर्क्युरी मोहिमेसाठी निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डीक स्लेटन इथलेच, आणि त्यांच्या नावाच्या संग्रहालयात अंतराळ आणि सायकल दोन्ही एका छताखाली आहेत. तासभर हाताशी राहील अशी वेळ धरून निघालात तर बघून घ्या. पुढे जायचे असेल तर ला क्रॉस नदीचा ट्रेल इथूनच सुरू होतो.

सायकली रॅकवर चढवण्याआधी चेन आणि ब्रेक फडक्याने पुसून घेतले, मग एलरॉयला जाऊन दुसरी गाडी घेतली. खर्च सांगायचा तर पास २० डॉलर, एक ट्यूब, दोन गाड्यांचे पेट्रोल आणि जेवण.

सायकल धुण्याचे काम मात्र त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी करावे. चुनखडीचा ओला भुगा वाळला की सिमेंटसारखा धरतो, विशेषतः मागच्या गिअरच्या छोट्या चाकांत आणि ब्रेकच्या बिजागरीत. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. जोराच्या फवाऱ्याने कच बेअरिंगच्या आत जाते. रिमब्रेक असतील तर ब्रेक पॅड बाहेर काढून बघा. रबरात रुतलेले खडे टाचणीने उकरले नाहीत तर ते रिम खरवडत राहतात. चेन पुसताना फडक्यावर राखाडी लगदा येणे थांबेपर्यंत पुसावे, पूर्ण वाळू द्यावी, आणि मगच प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडावे. आधी सोडले तर तोच लगदा तेलाबरोबर कडीच्या आत उतरतो.